चवीपुरतें मीठ : घरच्या पाकांतील मिठाच्या प्रमाणाचा एक विचार

(१)

जुन्या दप्तरांच्या शोधांत फिरणाऱ्या संग्राहकास सनदा, महजर, वतनपत्रें यांच्याबरोबर रुमालांत कांहीं असेहि कागद सांपडतात कीं, ते तो बहुधा बाजूस टाकून देतो. लग्नमुंजीच्या शिध्याच्या याद्या, श्राद्धपक्षाच्या सामानाचीं टिपणें, लोणचीं-पापडांचीं मानें, हे ते कागद होत. त्यांत राजा नसतो, लढाई नसते, तिथिवारहि पुष्कळदां नसतो. परंतु आपले पूर्वज रोज काय जेवीत व कसें जेवीत, हें सांगणारा दुसरा लेखी पुरावा आपणांजवळ फारसा नाहीं. प्रस्तुत लेखांत असे कागद व संस्कृत-मराठी ग्रंथ यांच्या आधारें एकाच पदार्थाचा, म्हणजे मिठाचा, माग काढावयाचा आहे. आणि त्यांतहि एकच प्रश्न विचारावयाचा आहे : घरच्या स्वयंपाकांत मीठ किती असावें, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

आजचें कोणतेंहि मराठी पाकपुस्तक उघडावें. डाळ वाटीनें, तेल चमच्यानें, गूळ वजनानें सांगितलेला असतो. मिठापाशीं आलें कीं लेखणी थांबते व ‘चवीप्रमाणें’ एवढाच शब्द पडतो. घरांत बोलतांना आपण ‘चवीपुरतें’ असें म्हणतों. ही लिहिणाराची टाळाटाळ आहे असा सामान्य समज आहे. माझ्या मतें तसें नाहीं. रांधणारी व जेवणारा यांच्यामध्यें अधिकाराची एक जुनी वांटणी आहे व तिचें हें संक्षिप्त नांव आहे. ही वांटणी जेथें नसते, तेथें मीठ मोजूनच दिलेलें आढळतें. या विधानाचा पुरावा पुढें क्रमानें मांडतों.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करूं. संस्कृत ‘लवण’ याचा मराठींतील सरळ वंशज ‘लोण’ हा होय. तो आतां एकटा क्वचितच वापरतात; परंतु शेंदेलोण, पादेलोण व लोणचें या शब्दांत तो टिकून आहे. (लोणी या शब्दाचा याच्याशीं संबंध नाहीं, तो नवनीतापासून आलेला आहे.) रोजच्या वापरांतील ‘मीठ’ हा शब्द मात्र निराळ्या कुळांतला आहे. संस्कृत ‘मृष्ट’, म्हणजे स्वच्छ केलेलें, रुचकर, याच्या प्राकृत रूपापासून तो निघाला. त्याच रूपापासून हिंदींत ‘मीठा’ झाला व त्याचा अर्थ गोड असा राहिला. मराठींत व गुजराथींत तोच शब्द खाऱ्या पदार्थास मिळाला. म्हणजे या पदार्थाचें आपलें नांव त्याच्या स्वतःच्या खारेपणावरून पडलेलें नाहीं. त्याच्या योगानें अन्नास जी रुचि येते, तीवरून पडलेलें आहे. खाणाराची जीभ या नांवांतच गृहीत धरलेली आहे.

‘अळणी’ हा शब्द अलवणापासून आला. तो भाजीस लावतात, तसाच निरस भाषणासहि लावतात. उलट लवणापासून साधलेला ‘लावण्य’ हा शब्द सौंदर्यवाचक झाला. पाणिनीनें चौथ्या अध्यायांत ‘अमुक पदार्थ मिसळलेलें’ असा अर्थ दाखविणारे प्रत्यय सांगितले आहेत. दह्यानें युक्त तें दाधिक. परंतु लवण शब्दापुढें त्या प्रत्ययाचा लोप सांगितला आहे. म्हणून ‘लवण सूप’ एवढें म्हटल्यानेंच मीठ घातलेलें वरण असा बोध होतो. वैयाकरणालाहि मीठ हें इतर पदार्थांहून वेगळ्या वागणुकीचें वाटलें, एवढें यावरून दिसतें.

(३)

आतां मोजलेल्या मिठाकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, कोष्ठागाराच्या प्रकरणांत, एका पुरुषाच्या जेवणाचें मान दिलेलें आहे : न तुटलेले स्वच्छ तांदूळ एक प्रस्थ, त्याच्या चौथाई सूप, सुपाच्या सोळाव्या हिश्शाएवढें मीठ, आणि सुपाच्या चौथाई तूप किंवा तेल. हलक्या दर्जाच्या चाकरांस सूप प्रस्थाच्या सहाव्या हिश्शाएवढें व स्नेह निम्मा, स्त्रियांस एकंदर पाऊण, मुलांस निम्में. मांसाचेंहि मान आहे : वीस पलें मांसास एक पल मीठ. येथें ‘चवीप्रमाणें’ या शब्दास जागाच नाहीं. कारण उघड आहे. हें अन्न सरकारी कोठारांतून निघतें. जेवणारास आवडनिवड सांगण्याचा अधिकार नाहीं. आणि मोजणाराला हिशेब द्यावयाचा आहे.

हा नियम पुढें सर्वत्र लागू पडतो. आपल्याकडील शिध्याच्या याद्यांत डाळ-तांदळाबरोबर मिठासहि माप असतें, तें याच कारणानें. दुसऱ्यास द्यावयाचें मीठ मोजतात. आपल्या घरच्या पातेल्यांत पडणारें मोजीत नाहींत.

दुसरें टोक राजाच्या ताटाचें. त्याच अर्थशास्त्रांत राजाचा पाक सुरक्षित जागीं करवावा व तो वारंवार चाखून पाहावा, असें सांगितलें आहे. हेतु विषाच्या भयाचा आहे, तरी परिणाम असा कीं, मिठाची परीक्षा ताटापूर्वींच होऊन जाते. आपल्या प्रदेशांतील राजपाकाचें सर्वांत मोठें वर्णन चालुक्यराज तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, अन्नभोगाच्या प्रकरणांत, आहे. हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. सोमेश्वराची राजधानी कल्याणी. आणि आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग त्या राज्यांत मोडत होता. सैंधव, हिंग, मिरें, जिरें, हळद यांनीं संस्कारलेले पदार्थ त्यांत आहेत. मिरची अर्थातच नाहीं. ती पोर्तुगीजांच्या मागून सोळाव्या शतकांत आली. राजाच्या ताटापुढें जेवणाराचा अधिकार पूर्ण असतो व रांधणाराचा शून्य. शिध्याच्या पंक्तीस नेमकें उलट. घर या दोहोंच्या मध्यें आहे.

(४)

व्यक्तीव्यक्तींची मिठाची आवड वेगळी कां असते, याचा विचार आपल्या वैद्यांनीं फार पूर्वीं केला. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायांत तीन द्रव्यें फार सेवूं नयेत असें सांगितलें आहे : पिंपळी, क्षार व लवण. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर या देशांतील लोक मीठ अति खातात, इतकें कीं दुधाबरोबरहि खातात, असें तेथें नमूद आहे. अति मीठ खाणाऱ्यांस अकालीं टक्कल पडतें, केस पिकतात व सुरकुत्या येतात, असा इशारा आहे. आणि खाऱ्या जमिनींत झाडें उगवत नाहींत किंवा खुरटतात, असा दृष्टांत दिला आहे.

या प्रकरणांतला खरा मोलाचा शब्द ‘सात्म्य’ हा आहे. जें सतत सेवनानें अंगवळणी पडलें व म्हणून सोसतें, तें सात्म्य. चरकाच्या मतें अशा माणसाचें मीठ एकदम तोडूं नये; क्रमाक्रमानें कमी करावें; म्हणजे दोष होत नाहीं, झाला तरी अल्प होतो. आवड ही जन्मतः मिळालेली अढळ वस्तु नसून संवयीनें घडलेली व संवयीनेंच बदलणारी आहे, हा सिद्धांत यांत स्पष्ट आहे. अमेरिकेंतील संशोधकांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेंच निराळ्या रीतीनें दिसून आलें. कमी मिठाचा आहार कांहीं महिने चालू ठेवल्यावर त्या माणसांना पूर्वींपेक्षां कमी मिठाचे पदार्थच अधिक रुचूं लागले. चरकाचा ‘क्रम’ हा शब्द किती विचारपूर्वक योजलेला होता, हें यावरून ध्यानांत येईल.

धर्मग्रंथांत याच विषयास नीतीचें रूप येतें. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत राजस माणसास आवडणाऱ्या आहारांत लवणाचें नांव आहे. तेथील ‘अति’ हा शब्द केवळ उष्णास न लावतां कटु, लवण इत्यादि सर्वांस लावावा, असें शंकराचार्यांचें भाष्य आहे. म्हणजे निषेध मिठाचा नसून अतिरेकाचा आहे. याच जागीं ज्ञानदेवांनीं शके १२१२ मध्यें केलेलें विवरण पाहण्यासारखें आहे. कणीक भिजवावयास जसें पाणी घ्यावें, तसें हा राजस माणूस मीठ घेतो, अशी उपमा त्यांनीं योजिली आहे. ही उपमा परातीजवळ बसून पाहणाराची आहे. तींत ‘मीठ’ हाच शब्द आलेला आहे. तेव्हां तो आजच्या अर्थानें सातशेंहून अधिक वर्षें मराठींत रूढ आहे, हेंहि यावरून सिद्ध होतें.

(५)

हें मीठ आमच्या भागांत येत होतें कोठून? चौसाळा हें बीड तालुक्यांतील गांव बालाघाटाच्या पठारावर, बीडहून सोलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथून कोंकणचा समुद्र अडीचशें किलोमीटरांहून अधिक दूर. जमिनींत ज्वारी होते, करडई होते, डाळी होतात. मीठ होत नाहीं. घाटावरचें धान्य खालीं न्यावयाचें व कोंकणच्या मिठागरांतील मीठ वर आणावयाचें, हा व्यापार शतकानुशतकें वंजारी व लमाण यांच्या बैलतांड्यांनीं चालविला. ‘लमाण’ हें नांवच लवणापासून झालें, असें कांहीं विद्वान मानतात.

या व्यापाराचें राजकीय महत्त्व शिवछत्रपतींनीं ओळखलें होतें. १६७१ सालीं कुडाळच्या नरहरि आनंदराव सुभेदारास लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत, बारदेशच्या म्हणजे फिरंगी मुलखाच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे तें संगमेश्वराकडील मिठापेक्षां महाग पडून व्यापारी आपल्या मुलखांत येतील, असा आशय आहे. पुढें कंपनी सरकारनें १८३७ सालीं मुंबई इलाख्यांत मिठावर अबकारी कर बसविला; १९३० सालीं दांडी, वडाळा व शिरोडें येथें त्याविरुद्ध सत्याग्रह झाले; आणि १९४७ सालच्या एप्रिलपासून तो कर उठला. चौसाळा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें व १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत राहिलें. तरी त्याचें मीठ समुद्राकडूनच येत असल्यामुळें कराचा बोजा चुकला नाहीं. बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं बार्शीस व १९११ सालीं लातुरास पोंचली, तेव्हां माल उतरविण्याचें ठाणें जवळ आलें व तांड्यांचें काम सरलें. दुरून व कर भरून येणारी वस्तु गृहिणी उधळीत नाहीं. घरांत मीठ सांडूं न देण्याचा, दिवेलागणीस तें दुसऱ्यास न देण्याचा जो संकेत आहे, त्याच्या मुळाशीं श्रद्धेइतकीच ही टंचाईहि असावी, असा माझा तर्क आहे.

(६)

आतां मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे घरच्या पानाकडे, येऊं.

आमच्याकडील जेवणाचा पाया ज्वारीची भाकरी. तिच्या पिठांत मीठ घालण्याची चाल नाहीं. भाकरी अळणी, आणि तिच्याशीं खावयाचें तें ‘कोरड्यास’ तिखटमिठाचें : पिठलें, येसराची आमटी, ठेंचा, कारळ्याची किंवा शेंगदाण्याची चटणी. (धान्य व मसाले भाजून दळलेल्या पुडीस येसर म्हणतात.) मिरची आल्यापासून तिनें मिऱ्याची जागा घेतली व ‘तिखट’ हें विशेषण मिरचीपुडीचें नामच होऊन बसलें, मीठ व मिरची इतकीं एकत्र आलीं कीं ‘तिखटमीठ’ हा एकच शब्द झाला. या रचनेचा परिणाम नीट पाहावा. ठेंच्यांत मीठ किती, हें कांडणारीनें ठरविलेलें असतें. परंतु एका घासास ठेंचा किती लावावयाचा, हें खाणाराचें बोट ठरवितें. एकाच उतरंडीची भाकरी व एकाच खलांतला ठेंचा खाऊन घरांतील चार माणसें चार निरनिराळ्या प्रमाणांत मीठ खातात, व कोणी कोणास कांहीं बोलत नाहीं.

सणावारीं पान मांडण्याच्या पद्धतींत हीच व्यवस्था अधिक स्पष्ट आहे. पानावर मीठ आधीं वाढतात, तेंहि वरच्या बाजूस मधोमध. मग डावीकडे लिंबू, चटणी, लोणचें, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या व आमटी. डावी बाजू ही जेवणाराच्या हातांत दिलेली दुरुस्तीचीं साधनें होत. रांधणारीनें मीठ किंचित् हात राखून घालावें व उणें असेल तें जेवणारानें पानांतून घ्यावें, हा अलिखित करार आहे. कमी मीठ वाढवितां येतें, जास्त झालेलें काढतां येत नाहीं. म्हणून करार असाच असणें युक्त आहे. मीठ नुसत्या हातानें वाढूं नये, असा निर्बंध धर्मनिबंधांत आहे. म्हणजे या वाढपाकडे शास्त्रकारांचेंहि लक्ष होतें.

नियमाचें सत्य अपवादावरून पारखतां येतें. असे दोन अपवाद आपल्याकडे आहेत. पहिला नैवेद्याचा. नैवेद्याच्या पानावर मीठ वाढीत नाहींत. देव पानांतलें मीठ घेऊन आमटींत कालवीत नाहीं. दुरुस्ती करणारा जेवणारा तेथें नाहीं, म्हणून दुरुस्तीचें साधनहि नाहीं. दुसरा श्राद्धाचा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत, यजमानानें विचारलें तरी ब्राह्मणांनीं अन्नाचे गुण सांगूं नयेत, असा नियम आहे. मीठ कमी पडलें हें सांगण्याचा अधिकारच तेथें काढून घेतलेला आहे. या दोन्ही प्रसंगीं स्वयंपाक आधीं चाखतां येत नाहीं, कारण तो उष्टा होईल. राजाच्या पाकगृहांत जें चाखणें सक्तीचें, तें देवाच्या व पितरांच्या पाकांत निषिद्ध. मग मीठ बरोबर पडावें कसें?

याचें उत्तर हात. चौसाळ्यांतील वृद्ध स्त्रियांस मिठाचें प्रमाण विचारलें असतां त्या तें तोंडानें सांगत नाहींत, हातानें दाखवितात : दोन बोटांची चिमूट, तीन बोटांची चिमूट, तळहाताचा खळगा. त्याबरोबर नियमहि सांगतात. पालेभाजी चुलीवर बसल्यावरच मीठ घालावें, कारण कच्च्या पाल्याचा ढीग पाहून घातलेलें मीठ भाजी आळल्यावर जास्त होतें. डाळ शिजल्यावर घालावें. चिंच-गूळ पडल्यावर पुन्हा विचार करावा. ही विद्या न चाखतां शिकावयाची असल्यामुळें ती वर्षानुवर्षें दुसरीच्या हाताकडे पाहूनच येते. सून सासरीं आल्यावर तिच्या माहेरचा हात व सासरचा हात यांत पहिलीं कांहीं वर्षें जें अंतर राहतें, तें मिठांत सर्वांत आधीं कळून येतें; आणि पुढें एके दिवशीं त्या घराची चव तिच्या हाताची होऊन जाते, हें कोणी नोंदवून ठेवीत नाहीं. सात्म्य माणसाचें असतें तसें घराचेंहि असतें.

(७)

छापील पाकग्रंथांनीं या विद्येस लेखी रूप देण्याचा यत्न केला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालीं. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं, व तिनें वाटी-चमच्याचें माप घरोघर नेलें. परंतु माप कितीहि सुधारलें, तरी आजचीं पाकपुस्तकें मिठापुढें ‘चवीप्रमाणें’ असेंच लिहितात. तें योग्यच आहे. कारण पुस्तक लिहिणारास जेवणारा ठाऊक नसतो.

मात्र गेल्या पन्नास वर्षांत या करारास तीन धक्के बसले आहेत, व लेखाचें प्रयोजन त्यांतच आहे. पहिला, खडेमीठ जाऊन बारीक मीठ आलें. १९८३ सालीं टाटांचें आयोडीनयुक्त पुडींतलें मीठ निघाल्यावर हा बदल वेगानें झाला. खड्यांच्या मुठींत पोकळी असते. बारीक मिठाची तीच मूठ अधिक भरते. हाताच्या जुन्या मापानें त्यामुळें मीठ जास्त पडूं लागलें. दुसरा, पानें जाऊन ताटल्या आल्या, व मिठाची वरची जागा पुष्कळ घरांत नाहींशी झाली. तिसरा, तयार चटण्या-पापडांतलें मीठ घराबाहेर ठरूं लागलें. तें रांधणारीच्या हातींहि नाहीं व जेवणाराच्या हातींहि नाहीं.

प्रौढ माणसानें दिवसास पांच ग्रॅमपेक्षां कमी मीठ खावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आज घरोघर कोणा ना कोणास वैद्यांनीं मीठ कमी करावयास सांगितलेलें असतें. मग एकासाठीं सर्वांनीं अळणी जेवावें, कीं एकासाठीं निराळें पातेलें लावावें, असा तंटा उभा राहतो. जुन्या करारांत याची सोय होती. पातेल्यांत सर्वांचेंच मीठ क्रमानें कमी करावें, ज्यास अधिक हवें त्यानें पानांतून घ्यावें, ज्यास मना आहे त्यानें डावी बाजू सोडावी. यांत चरकाचा क्रमहि सांभाळला जातो व घरांत दुजाभावहि होत नाहीं.

(८)

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी तंजावराकडील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केली व शामशास्त्री यांनीं ती १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वींचा सुपाच्या सोळाव्या हिश्शाचा हिशेब आज आपणांस ठाऊक आहे. तंजावरासच सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रघुनाथ गणेश नवहस्ते यांनीं ‘भोजनकुतूहल’ रचिलें. त्याचा परिचय प. कृ. गोडे यांच्या लेखांनीं अभ्यासकांस झाला. मोठ्या ग्रंथांची अशी काळजी घेतली गेली. घरगुती मोडी याद्यांची घेतली गेलेली नाहीं.

यास्तव यापुढें दप्तर सोडतांना शिध्याच्या व लोणच्याच्या याद्या रद्दींत टाकूं नयेत. त्यांत मिठाचें माप दिलें आहे कीं नाहीं, दिलें असल्यास तें कोणासाठीं, व मीठ खडे कीं शेंदेलोण, हें टिपून घ्यावें. आणि ज्या घरांतून दप्तर मिळेल, त्या घरच्या वृद्ध स्त्रीस तिची चिमूट काट्यावर टाकावयास सांगून तिचें वजनहि त्याच कागदाशेजारीं लिहून ठेवावें. कागद टिकविण्यास उपाय आहेत. हाताची विद्या त्या हाताबरोबरच जाते. तींतील निदान एवढा अंश लेखी राहावा, अशी सूचना करून हा लेख संपवितों.